साथीचा स्वर : मिल्ट हिंटन या बेसवादकाच्या कारकिर्दीचा विचार

१

जॅझ संगीताचा जो इतिहास आजवर लिहिला गेला आहे, तो बहुतांशी एकल वादकांचा इतिहास आहे. लुई आर्मस्ट्राँगपासून आरंभ करावा, कोलमन हॉकिन्स व लेस्टर यंग यांच्यावरून चार्ली पार्कर व डिझी गिलेस्पी यांच्यापर्यंत यावे आणि तेथून माइल्स डेव्हिस व जॉन कोल्ट्रेन यांच्याकडे वळावे, असा हा मार्ग जवळजवळ ठरून गेला आहे. या मार्गावर भेटणारे कलावंत थोर आहेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या प्रकारच्या इतिहासलेखनाच्या मुळाशी एक गृहीत असते, ते सहसा कोणी तपासून पाहत नाही. संगीत म्हणजे पुढे उभा राहून वाजवणाऱ्याने केलेले विधान, आणि त्याच्या मागे जे चालते ती त्या विधानाची केवळ सोय, असे ते गृहीत होय.

भाषेच्या अभ्यासकास हा ग्रह चांगला परिचयाचा आहे. शब्दाचा विचार करताना सामान्य मनुष्याच्या डोळ्यांसमोर नाम उभे राहते, फार तर क्रियापद. विभक्तिप्रत्यय त्याच्या लेखी शब्दच नव्हेत. परंतु 'रामाने रावणास मारिले' या शाळेतील जुन्या वाक्यातून 'ने' आणि 'स' काढून घेतले, तर कोणी कोणास मारले हे कळण्याचा मार्ग राहत नाही. इतकेच नव्हे, तर प्रत्यय येणार अशी चाहूल लागताच नाम आपले रूप बदलते. 'घोडा' या शब्दाला 'ला' लागावयाचे तर त्याला आधी 'घोड्या' व्हावे लागते. ज्याला आपण गौण समजतो, त्याच्यासाठी प्रधानाने रूप बदलावे, ही मराठीतील नित्याची गोष्ट आहे. शब्दाचा अर्थ कोशात पाहता येतो. वाक्यातील त्याचे नाते मात्र प्रत्ययावाचून व्यक्त होत नाही.

प्रस्तुत लेखात मिल्ट हिंटन या अमेरिकन बेसवादकाच्या कारकिर्दीचा विचार याच दृष्टीने करावयाचा आहे. हिंटनने सुमारे सत्तर वर्षे, प्रथम शिकागो व नंतर न्यूयॉर्क या महानगरांत, व्यवसाय म्हणून बेस वाजवला. त्याचे नाव जॅझच्या प्रत्येक इतिहासात येते. मात्र ते बहुधा इतरांच्या ध्वनिमुद्रिकांच्या माहितीत, कलाकारांच्या यादीच्या शेवटास येते. अशा कलावंताचे मूल्यमापन कोणत्या कसोटीने करावे, असा प्रश्न आहे. एकल वादकासाठी घडवलेली कसोटी त्याला लावली तर तो दुय्यम ठरतो. माझ्या मते दोष येथे कसोटीचा आहे, आणि हिंटनचे वादन, त्याची छायाचित्रे व त्याचे आत्मनिवेदन ही तिन्ही एकत्र पाहिली असता दुसरी कसोटी हाती येते.

२

प्रथम वाद्याचे कार्य समजून घेणे इष्ट होईल. डबल बेस हे व्हायोलिनच्या कुळातील सर्वांत मोठे व सर्वांत खालच्या स्वराचे वाद्य. ते बहुधा उभे राहून वाजवतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते मुख्यतः गजाने वाजते. जॅझमध्ये मात्र बोटांनी तार छेडून वाजवण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या वादकांची आणखी एक लकब होती. तार ओढून ती वाद्याच्या पट्टीवर आपटावयाची आणि तळहाताने थाप द्यावयाची, म्हणजे स्वराबरोबरच तालाचा आघातही निघतो. हिंटन या पद्धतीत निष्णात होता. पुढे चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर एक स्वर टाकीत सुरावटीने पुढे जाण्याची रीत प्रस्थापित झाली. तिला तेथे चालता बेस म्हणतात.

या वाद्याला आपल्याकडील तानपुऱ्याची उपमा देण्याचा मोह होतो, परंतु ती अपुरी आहे. तानपुऱ्याचा आधार अचल असतो. षड्ज एकदा लावला म्हणजे मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. गायकाचा प्रत्येक स्वर त्या एका बिंदूपासून मोजला जातो. बेसचा आधार चल आहे. सा, ग, प, ध हे चार शुद्ध स्वर पियानोवर एकदम वाजले अशी कल्पना करावी. त्यांच्याखाली बेसवर सा वाजला, तर ऐकणाऱ्यास षड्जावर उभा असलेला, प्रसन्न वाटणारा स्वरसमूह ऐकू येतो. तेच चार स्वर कायम ठेवून खाली ध वाजवला, तर त्या समूहाचे मूळ धैवताकडे जाते आणि त्याचा भाव पालटून काहीसा खिन्न होतो. वरच्या वादकाने काहीही बदललेले नसते. खालच्या एका स्वराने त्याच्या बोलण्याचा अर्थ बदललेला असतो. प्रत्ययाचे कार्य याहून वेगळे काय आहे?

कालाच्या बाबतीतही असेच आहे. बिली हॉलिडे या गायिकेची एक सुप्रसिद्ध लकब होती. ती शब्द मात्रेच्या किंचित मागे ठेवून गात असे. परंतु मागे राहणे ऐकू येण्यासाठी कोणीतरी जागेवर राहणारा असावा लागतो. साथीदार तिच्या मागे रेंगाळू लागला, तर तिचे रेंगाळणे नाहीसेच होईल. उरेल ती केवळ संथ झालेली लय. ८ डिसेंबर १९५७ रोजी अमेरिकन टेलिव्हिजनवर 'द साउंड ऑफ जॅझ' हा कार्यक्रम झाला. त्यात हॉलिडेने गायिलेले 'फाइन अँड मेलो' हे गीत जॅझच्या रसिकांना मुखोद्गत आहे. लेस्टर यंगसह एकाहून एक थोर वादक त्यात एकेक आवर्तन वाजवून जातात. त्या सर्वांच्या खाली जो बेस आपली जागा न सोडता चालत राहतो, तो हिंटनचा. तेथे त्याला स्वतंत्र वादन नाही. तरीही हॉलिडेच्या प्रत्येक विलंबाचे माप आपल्या कानाला त्याच्याकडून मिळते.

३

मिल्टन जॉन हिंटनचा जन्म २३ जून १९१० रोजी मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग या गावी झाला. त्याच्या आजीने गुलामगिरी भोगली होती. जमावाने एका कृष्णवर्णीयाची केलेली हत्या त्याने लहानपणीच पाहिली आणि ती तो आयुष्यभर विसरला नाही. १९१९ च्या सुमारास त्याचे कुटुंब शिकागोस आले. दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळात उत्तरेच्या औद्योगिक नगरांकडे निघाली होती, त्यांतील हे एक. आई संगीत जाणणारी होती. तेराव्या वाढदिवशी तिने मुलाला व्हायोलिन घेऊन दिले.

या भेटीत हौसेइतकाच व्यवहारही होता, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या काळी चित्रपट मूक होते आणि प्रत्येक मोठ्या चित्रपटगृहात वाद्यवृंद असे. शिकागोच्या दक्षिण भागातील व्हेंडोम चित्रपटगृहात अर्स्किन टेटचा वाद्यवृंद वाजत असे; १९२५-२६ च्या सुमारास आर्मस्ट्राँग त्यात होता. कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाला सन्मानाने पोट भरता येईल अशा ज्या थोड्या जागा होत्या, त्यांत चित्रपटगृहांच्या जागा महत्त्वाच्या होत्या. वेंडेल फिलिप्स हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या हिंटनची दृष्टी त्या जागांवर असावी, हे स्वाभाविक होते.

परंतु १९२७ साली 'द जॅझ सिंगर' हा चित्रपट आला आणि बोलपटांचे युग सुरू झाले. दोन-तीन वर्षांत चित्रपटगृहांतील वाद्यवृंद मोडीत निघाले. नृत्यगृहांत व नाइट क्लबांत काम उरले होते, पण तेथे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम यांची मागणी होती. व्हायोलिनला कोणी विचारीत नसे. हिंटन बेसकडे वळला तो या परिस्थितीत. १९३० साली टायनी पारहॅमच्या वाद्यवृंदातून त्याचे पहिले ध्वनिमुद्रण झाले, त्यात तो ट्यूबा हे फुंकवाद्य वाजवतो. खालच्या स्वराची जबाबदारी तोवर पुष्कळ ठिकाणी ट्यूबाकडेच असे. त्या सुमारास ट्यूबा मागे पडून डबल बेस पुढे येत होता, आणि व्हायोलिनवर डावा हात तयार झालेल्या तरुणाला तारेचे वाद्य परके नव्हते.

चरित्रकारांना कलावंत आणि त्याचे वाद्य यांच्यात काही पूर्वसंकेत शोधण्याची आवड असते. हिंटनच्या बाबतीत असा संकेत शोधण्यात अर्थ नाही. त्याचे वाद्य नगराने निवडले. मात्र व्हायोलिन वाया गेले, असेही म्हणता येत नाही. सुरेलपणाचा ध्यास, स्वरलिपी वाचण्याचा सराव आणि गजावरील प्रभुत्व ही त्याची पुढील आयुष्यातील पुंजी त्याच व्हायोलिनने दिली. १९३० नंतरच्या काही वर्षांत एडी साउथ या श्रेष्ठ कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाला त्याने साथ केली, हाही या संदर्भात लक्षणीय योग म्हणावा लागेल. जे वाद्य आपल्याला नाकारले गेले, त्याच्याखाली उभे राहून त्याला आधार देणे येथे त्याच्या वाट्याला आले.

४

१९३६ साली कॅब कॅलोवेने हिंटनला आपल्या वाद्यवृंदात घेतले आणि १९५१ पर्यंत तो तेथे राहिला. कॅलोवेचा वाद्यवृंद हा त्या काळी सर्वांत लोकप्रिय व सर्वांत चांगला पगार देणाऱ्या कृष्णवर्णीय वाद्यवृंदांपैकी एक होता. मालक गायक होता, नाचणारा होता, प्रेक्षकांना खेळवणारा होता. अशा संस्थेत वादकाला स्वतःसाठी जागा थोडीच मिळते. तरीही १९३९ साली 'प्लकिन् द बेस' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात बेस हेच मुख्य वाद्य आहे. थाप देण्याच्या जुन्या पद्धतीचा वेग व नेमकेपणा येथे त्याच्या शिखरास पोचलेला दिसतो. १९४१ च्या 'एबनी सिल्हुएट' मध्ये हेच वाद्य संथ, गाणारे झाले आहे.

नेमक्या याच काळात बेसच्या इतिहासाला कलाटणी मिळाली, हेही सांगितले पाहिजे. १९३९ साली जिमी ब्लँटन हा तरुण ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात आला आणि त्याने बेसवर सॅक्सोफोनप्रमाणे सलग सुरावटींचे स्वतंत्र वादन सुरू केले. १९४२ मध्ये त्याचा अकाली मृत्यू झाला. पण ऑस्कर पेटिफर्ड, चार्ल्स मिंगस, पॉल चेंबर्स, स्कॉट लाफारो ही पुढील परंपरा त्याच्यापासून निघते. नावीन्याचा मान ब्लँटनचा आहे. तो हिंटनला देणे हे इतिहासाला धरून होणार नाही, आणि हिंटनला त्याची गरजही नाही.

हिंटनचा गुण निराळ्या जातीचा होता, आणि तो एका प्रसिद्ध हकिकतीवरून स्पष्ट होतो. १९३९ साली डिझी गिलेस्पी कॅलोवेच्या वाद्यवृंदात आला. वयाने तो हिंटनपेक्षा सात वर्षांनी लहान. स्वरसमूहांच्या परंपरागत क्रमाऐवजी अनपेक्षित पर्यायी क्रम योजण्याची जी कल्पना पुढे बीबॉप या संप्रदायाचा पाया ठरली, ती त्याच्या डोक्यात घोळत होती. कार्यक्रमाच्या मध्यंतरात हे दोघे कॉटन क्लबच्या गच्चीवर जात आणि गिलेस्पी हिंटनला हे नवे क्रम समजावून देत असे. जिने चढून वर बेस घेऊन जावयाचा आणि खाली आणावयाचा, म्हणजे काय प्रकार आहे हे ते वाद्य पाहिलेल्यांस सांगावयास नको.

या हकिकतीत गिलेस्पीला बेसवाल्याची गरज का पडली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. उत्तर वर दिलेल्या उदाहरणात आहे. ट्रम्पेटवर एका वेळी एकच स्वर निघतो. त्या स्वराचा नवा अर्थ लागावयाचा, तर खाली नवा स्वर वाजला पाहिजे; खालचा स्वर जुनाच राहिला, तर तोच प्रयोग चूक म्हणून ऐकू येतो. नव्या भाषेला पहिला वक्ता लागतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तिला पहिला समजणाराही लागतो, हे भाषाशास्त्रज्ञाने तरी विसरू नये. हिंटन तसा होता. तिशीच्या उंबरठ्यावरील, चांगल्या पगारावर असलेला, आपल्या पद्धतीत पारंगत झालेला हा वादक धाकट्याकडून शिकण्यासाठी रोज गच्ची चढला, यात त्याच्या कलेचा स्वभाव दिसून येतो.

५

१९५० च्या सुमारास मोठे वाद्यवृंद मोडले. १९५३-५४ मध्ये हिंटनने आर्मस्ट्राँगच्या वाद्यवृंदाबरोबर प्रवास केला. त्यानंतर त्याच्या कारकिर्दीचा जो भाग सुरू झाला, तो सर्वांत दीर्घ आणि समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. हा भाग म्हणजे न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहांतील काम.

येथे नगराच्या व्यवस्थेकडे पुन्हा पाहावे लागते. शिकागोत संगीतकारांच्या संघटनेच्या गोऱ्यांसाठी एक व कृष्णवर्णीयांसाठी दुसरी अशा दोन शाखा होत्या. त्या १९६६ साली एक झाल्या. न्यूयॉर्कच्या शाखेत असा भेद नव्हता. तरीही रेडिओ, टेलिव्हिजन व ध्वनिमुद्रण यांतील स्थिर उत्पन्नाची कामे जवळजवळ सर्व गोऱ्या वादकांकडे होती. नियम नव्हता, वहिवाट होती. आणि वहिवाट मोडणे नियम मोडण्यापेक्षा कठीण असते, कारण ती कोठे लिहिलेली नसते. जॅकी ग्लीसन या टेलिव्हिजनवरील लोकप्रिय विनोदी नटाची व हिंटनची योगायोगाने रस्त्यात गाठ पडली. ग्लीसनच्या नावावर त्या काळी वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका निघत असत. त्याने हिंटनला आपल्या ध्वनिमुद्रणावर घेण्याचा आग्रह धरला, आणि न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहांत नियमित काम मिळालेल्या पहिल्या मोजक्या कृष्णवर्णीय वादकांत हिंटनचा समावेश झाला.

एकदा आत गेल्यावर तेथे टिकणे त्याच्या हाती होते, आणि तो टिकला. या कामाचे स्वरूप असे : वेळेवर हजर व्हावयाचे, समोर ठेवलेली स्वरलिपी पहिल्याच वाचनात वाजवावयाची आणि तीन तासांचे सत्र संपले की पुढच्या ठिकाणी जावयाचे. आज गायिका, उद्या जाहिरातीचे गाणे, परवा नृत्यसंगीत. पियानोवर हँक जोन्स, गिटारवर बॅरी गॅलब्रेथ, ड्रमवर ओसी जॉन्सन आणि बेसवर हिंटन, हा चौघांचा संच इतका विश्वासाचा ठरला की, 'न्यूयॉर्क ऱ्हिदम सेक्शन' असे त्याला नावच पडले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. सांगतील ते वाजवणे यात कारागिरी असेल, पण कला कोठे? मिंगससारख्याने दारिद्र्य पत्करून स्वतःचे संगीत उभे केले. हिंटनने स्वास्थ्य पत्करून दुसऱ्यांचे संगीत वाजवले, असे त्या आक्षेपाचे म्हणणे. त्याचा एक भाग खरा आहे. या हजारो सत्रांतील पुष्कळसे संगीत आज कोणी ऐकत नाही, आणि त्याच्याबरोबर हिंटनचे वादनही विस्मृतीत गेले आहे. रोज दुसऱ्याच्या मापाचे वाजवणाऱ्याला आपले माप शोधण्यास सवड मिळत नाही, हेही नाकारता येत नाही.

परंतु आक्षेपकांनी दोन ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून ऐकाव्यात. पहिली हॉलिडेची १९५८ मधील 'लेडी इन सॅटिन'. तिचा आवाज आता फाटला आहे. भोवती व्हायोलिनांची दाट सजावट आहे. त्या सजावटीचा आणि त्या आवाजाचा मेळ बसणे कठीण. दोहोंना एका जमिनीवर आणण्याचे काम बेसला करावे लागते, आणि ते किती थोड्या स्वरांत होते हे ऐकण्यासारखे आहे. दुसरी जॉर्ज रसेल याची 'न्यूयॉर्क, एन. वाय.' त्यातील 'मॅनहॅटन' हे त्याच वर्षी मुद्रित झालेले प्रकरण जॅझच्या त्या काळच्या सर्वांत पुढारलेल्या विचाराचे उदाहरण आहे. कोल्ट्रेन व बिल इव्हान्स त्यात वाजवतात. तेथेही बेस हिंटनचाच. ज्याने तरुणपणी न्यू ऑर्लीन्सच्या पहिल्या पिढीतील फ्रेडी केपार्डबरोबर वाजवले, तो कोल्ट्रेनच्या खालीही परका वाटत नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॅनफर्ड मार्सालिसच्या 'ट्रायो जीपी' या ध्वनिमुद्रिकेत तो नातवंडांच्या वयाच्या वादकांना साथ करतो, तेथेही नाही. इतक्या बोलींत वाक्य बिनचूक जुळवणे हे केवळ आज्ञापालनाने साधत नाही. समोरचा काय म्हणू पाहतो आहे, हे त्याने म्हणण्यापूर्वी ओळखावे लागते.

ध्वनिमुद्रणांच्या संख्येवर मात्र फार भर देऊ नये. हिंटनचा उल्लेख पुष्कळदा सर्वाधिक ध्वनिमुद्रित जॅझवादक म्हणून केला गेला. पुढे २०१५ साली रॉन कार्टर या दुसऱ्या बेसवादकाच्या नावे २,२२१ ध्वनिमुद्रणांची नोंद गिनेसच्या विक्रमपुस्तकात झाली. हे आकडे व्यक्तीच्या थोरवीपेक्षा त्यांच्या वाद्याच्या गरजेविषयी अधिक सांगतात. पुष्कळ भाषांत शब्दांची गणना केली, तर वारंवारतेत बहुधा छोटे संबंधदर्शक शब्दच पुढे येतात.

६

हिंटनचे दुसरे कार्य छायाचित्रणाचे. १९३५ साली, पंचविसाव्या वाढदिवशी, त्याला एक छोटा कॅमेरा भेट मिळाला, आणि तेव्हापासून त्याने सहकाऱ्यांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. आज त्याच्या संग्रहात सुमारे साठ हजार ऋणचित्रे आहेत.

जॅझच्या छायाचित्रांचा रूढ नमुना वाचकांच्या परिचयाचा असेल. अंधार, धुराचे वलय, प्रकाशाच्या झोतात ट्रम्पेट ओठांशी धरलेला वादक. हा नमुना श्रोत्याच्या खुर्चीवरून दिसणारा आहे. हिंटनच्या चित्रांत कॅलोवेच्या वाद्यवृंदातील माणसे आगगाडीच्या डब्यात झोपलेली दिसतात, फलाटावर सामानाजवळ उभी दिसतात, ध्वनिमुद्रणगृहात दोन मुद्रणांच्या मधल्या वेळेत बसलेली दिसतात. दक्षिणेच्या दौऱ्यात 'कृष्णवर्णीयांसाठी' असे सांगणाऱ्या पाट्यांखाली त्याने आपल्या मित्रांना उभे करून चित्रे घेतली आहेत. सारा देश ज्यांच्या संगीतावर नाचत होता, त्यांना स्थानकात कोणत्या दाराने शिरावे लागे, हे त्या चित्रांवरून कोणत्याही भाष्यावाचून कळते. मार्च १९५९ मध्ये हॉलिडेच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी घेतलेल्या चित्रात तिचा थकवा दिसतो, पण त्याचे प्रदर्शन नाही. पाहणारा त्याच खोलीत, त्याच कामावर आलेला सहकारी आहे.

१९५८ च्या ऑगस्टमध्ये आर्ट केन याने हार्लेममधील एका घराच्या पायऱ्यांवर ५७ जॅझवादकांना एकत्र करून घेतलेले छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. हिंटन त्यात आहे. त्या दिवशी तो आपला कॅमेरा घेऊन आला होता आणि त्याची पत्नी मोना हिच्याजवळ चलच्चित्रणाचा कॅमेरा होता. केनच्या चित्रात सारे समोर पाहतात. हिंटन दांपत्याच्या चित्रणात तेच लोक एकमेकांकडे पाहतात, हसतात, वर्षांनी भेटलेल्याच्या खांद्यावर हात ठेवतात. १९९४ साली जीन बाख हिने त्या दिवसावर अनुबोधपट काढला, तेव्हा हेच चित्रण तिच्या उपयोगी पडले. एका चित्रात नामे आहेत, दुसऱ्यात त्यांची परस्परांशी नाती. बेसवादकाला दुसरे चित्र सुचावे, हे त्याच्या वाद्याला साजेसेच झाले.

७

तिसरे कार्य आत्मनिवेदनाचे. 'बेस लाइन' हा ग्रंथ १९८८ साली टेंपल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. हिंटनचा शिष्य व पुढे समाजशास्त्राचा प्राध्यापक झालेला डेव्हिड बर्गर याने त्याच्या तोंडून ऐकलेल्या आठवणींवरून तो सिद्ध केला. त्याची तुलना मिंगसच्या 'बिनिथ द अंडरडॉग' या १९७१ सालच्या आत्मचरित्राशी केल्यास दोन वृत्तींतील भेद स्पष्ट होतो. मिंगसचा निवेदक आरंभीच आपण तीन माणसे असल्याचे जाहीर करतो, आणि पुढील सारे जग त्या तीन 'मीं'च्या झगड्याचे रणांगण होते. हिंटनचा 'मी' वाक्यात कर्ता असतो, पण प्रसंगाचा नायक बहुधा दुसराच असतो. कॅलोवे, गिलेस्पी, आर्मस्ट्राँग पुढे येतात. निवेदक कडेला सरकून पाहतो. १९४१ साली रंगमंचावर कागदाचा बोळा फेकल्याच्या आरोपावरून कॅलोवे व गिलेस्पी यांच्यात हातघाई झाली. बोळा गिलेस्पीने फेकला नव्हता, ही साक्ष हिंटनचीच. कडेला उभ्या असलेल्याला जे दिसते, ते झगडणाऱ्यांना दिसत नाही.

या ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हिंटनचा स्वभाव गोड आहे, आणि तो गोडवा कित्येक ठिकाणी निवेदनाची धार बोथट करतो. ज्यांनी त्याला वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले, त्यांच्याविषयी तो जितके लिहितो त्याहून पुष्कळ अधिक, ज्यांनी दार उघडले त्यांच्याविषयी लिहितो. शिवाय छापील मजकुरात प्रश्न विचारणारा अदृश्य झाला आहे. बोललेल्या भाषेचे लिखित भाषेत रूपांतर करताना प्रश्न गाळले की उत्तरांना स्वयंभू निवेदनाचे रूप येते. आणि ज्याने आयुष्यभर इतरांच्या मागे उभे राहून साथ केली, त्याच्या ग्रंथात त्याचा साथीदारच अदृश्य व्हावा, हा विरोधाभास अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.

८

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूरचा नाही. अर्स्किन टेटच्या ज्या शिकागोतील वाद्यवृंदात हिंटनने पुढे काही काळ वाजवले, त्यातूनच निघालेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता. १९४५ साली कलकत्त्यास त्याचे निधन झाले. तेथून स्फूर्ती घेतलेल्या गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) मधील ट्रम्पेटवादक चिक चोकलेट, शंकर-जयकिशन यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस, अशी मोजकी नावे आता सांगितली जातात. बाकीचे शेकडो वादक आपण रोज ऐकतो आणि एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नसते. संगीत नाटकांच्या ऑर्गनवादकांची व सारंगियांची गोष्ट याहून निराळी नाही. हिंटन भाग्यवान इतकाच की, त्याच्या हाती कॅमेरा होता आणि शेजारी विचारणारा शिष्य होता.

उत्तरायुष्यात तो न्यूयॉर्क नगर विद्यापीठाच्या हंटर व बारूक या महाविद्यालयांत शिकवू लागला. १९९३ साली राष्ट्रीय कलानिधीने त्याला जॅझ मास्टर हा सन्मान दिला. १९ डिसेंबर २००० रोजी, नव्वदाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्येच त्याचा अंत झाला.

आता कसोटीचा प्रश्न. एकल वादकाविषयी आपण विचारतो, त्याने नवीन काय सांगितले? साथीदाराविषयी विचारावयाचा प्रश्न असा की, त्याच्यामुळे कोणाकोणाचे म्हणणे पूर्ण झाले? पहिल्या प्रश्नाला हिंटनचे उत्तर मध्यम आहे. दुसऱ्या प्रश्नाला त्याच्याइतके विस्तृत उत्तर देऊ शकेल असा कलावंत विसाव्या शतकाच्या संगीतात विरळा. हॉलिडेचा विलंब, गिलेस्पीचा नवा स्वरक्रम, हार्लेमच्या पायऱ्यांवरील ती सकाळ, यांपैकी प्रत्येक गोष्ट ज्याची त्याची आहे. पण ती आपल्यापर्यंत अर्थासह पोचली, त्यात हिंटनचा हात आहे. दुसरा प्रश्न विचारण्याची सवय समीक्षेने लावून घेतली, तर जॅझच्या इतिहासातील कित्येक ओळी पुन्हा लिहाव्या लागतील. आपल्या संगीताच्या इतिहासात तर त्यांतल्या पुष्कळशा अद्याप लिहावयाच्याच आहेत, आणि ज्यांना विचारून त्या लिहिता येतील अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.